पोटातला पडदा आणि गटाचं कर्ज

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, फक्त कान इकडे असू द्या. आजचा विषय मला एका गटाच्या बैठकीत मिळाला.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. महिन्याची बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते झाले, मग कर्जमागणीचे अर्ज वाचायला घेतले. आपल्या अर्जात कारण लिहावं लागतं. बियाणं, शेळी, मुलाची फी, घरावरचे पत्रे, असं काहीतरी असतं. एका अर्जात लिहिलं होतं, ‘ऑपरेशन आणि पोटातला पडदा’. सचिव ताईंनी ते दोनदा वाचलं. एक जण म्हणाली, “पडदा खिडकीला असतो बाई, पोटात कशाला?” सगळ्या हसल्या. अर्ज करणारी मात्र हसली नाही.

ती आमच्या गटातली सगळ्यात लहान सभासद. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. गर्भपिशवीला गाठी आहेत असं सोनोग्राफीत निघालं. डॉक्टर बाई म्हणाल्या, पिशवी काढायची नाही, फक्त गाठी काढू. जाता जाता त्या असंही म्हणाल्या, की जमलं तर आत विरघळणारा पडदा ठेवू, म्हणजे पिशवी आतड्याला आणि नळ्यांना चिकटणार नाही. त्याचे काही हजार रुपये वेगळे पडतील. हे वेगळे पैसे गटातून मिळतील का, असा तिचा अर्ज होता.

बैठकीत दोन तट पडले. काही म्हणाल्या, “ही दवाखान्याची पैसे काढायची नवी तऱ्हा.” काही म्हणाल्या, “पोटात परकी वस्तू ठेवायचीच कशाला? उद्या तीच कुजली तर?” तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या काकू बोलल्या. त्या फारशा बोलत नाहीत. म्हणाल्या, “माझं आतडं चिकटलं होतं. मला विचारा चिकटणं काय असतं ते.”

काकूंचं आधी एक सिझर झालं, मग कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन, आणि चाळिशीच्या आत गर्भपिशवी काढली. पिशवी काढून चार वर्षं झाल्यावर एका रात्री पोटात कळा सुरू झाल्या. कळ यायची, ओसरायची, पुन्हा यायची. उलट्या झाल्या. पोट फुगलं. शौचाला होईना, वाराही सरेना. घरातले म्हणाले वायगोळा आहे. शेजारणीने बेंबी सरकली म्हणून पोट चोळलं. सासूने एरंडेल पाजलं. त्यात दीड दिवस गेला. जिल्ह्याच्या गावी नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “आधी पोटाचं ऑपरेशन झालंय का? कागद कुठे आहेत?” कागद नव्हते. जिथे पिशवी काढली तिथे काही दिलंच नव्हतं, आणि काकूंनी मागितलंही नव्हतं. पोट उघडल्यावर दिसलं, की जुन्या ऑपरेशनच्या जागी दोरीसारखा एक पट्टा तयार झाला होता आणि आतड्याचा वेढा त्यात अडकला होता. काकू वाचल्या. पण त्या वर्षी त्यांचं शेत गहाण पडलं.

बैठकीत ठरलं, की अर्ज पुढच्या आठवड्यात घ्यायचा, तोवर मी माहिती काढायची. मी बीए झालेली, डॉक्टर नाही. पण विचारायला लाज वाटत नाही. डॉक्टर बाईंकडे दोनदा गेले, समजेपर्यंत विचारलं, वहीत लिहून घेतलं. जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

आधी पोटात काय असतं ते पाहू. ब्लाऊजला आतून जसं अस्तर असतं, तसं आपल्या पोटालाही आतून एक गुळगुळीत, ओलं, पातळ अस्तर असतं. ते पोटाच्या भिंतीवर असतं आणि आतडी, गर्भपिशवी यांच्यावरही चढवलेलं असतं. सगळं उलगडून पसरलं तर ते जवळजवळ आपल्या अंगावरच्या कातडीएवढं भरेल. ते ओलं आणि गुळगुळीत असतं म्हणून आतडी एकमेकांवरून सरकतात आणि अन्न पुढे जातं. आपल्याला काही जाणवतही नाही.

ऑपरेशनमध्ये या अस्तराला इजा होते. चिरताना होते, टाका घालताना होते, रक्त थांबवण्यासाठी जागा भाजताना होते, अगदी कोरड्या कापडाने पुसतानाही होते. इजा झालेल्या जागेतून खळीसारखा चिकट द्रव पाझरतो आणि त्याचे बारीक तंतू बनतात. हे शरीराचं औषधच आहे, त्याशिवाय जखम भरणार नाही. साधारणपणे दोन-तीन दिवसांत शरीर स्वतःच ही खळ विरघळवून टाकतं. पण त्या जागेचा रक्तपुरवठा कमी झाला असेल, ती कोरडी पडली असेल किंवा तिथे जंतू शिरले असतील, तर खळ विरघळवायची ताकद कमी पडते. मग त्या खळीत नव्या पेशी येतात, बारीक रक्तवाहिन्या येतात आणि तात्पुरत्या खळीचा कायमचा पट्टा होतो. हेच चिकटणं. डॉक्टर त्याला ॲडहेजन म्हणतात.

आपल्यातल्या कितीतरी जणी तांदळाचे पापड करतात, त्यांना हे चटकन कळेल. ओले पापड प्लास्टिकवर घालताना एकाचा काठ दुसऱ्यावर गेला तर काय होतं? वाळल्यावर ते एकजीव होतात. सोडवायला गेलं तर दोन्ही फाटतात. पण दोन्ही वेगवेगळे नीट वाळले, तर नंतर एकावर एक शंभराची चळत रचा, चिकटत नाहीत. चिकटण्याची भीती ओलं असेपर्यंतच असते.

पोटातही तसंच आहे. हाताला लागलं तर जखम कडेने आत भरत येते, म्हणून मोठ्या जखमेला जास्त दिवस लागतात. पोटातल्या अस्तराची जखम तशी भरत नाही. पेरलेलं रान सगळीकडून एकदम उगवावं, तशी ती सगळीकडून एकदम भरते. त्यामुळे जखम लहान असो वा मोठी, साधारण आठवडाभरात नवं अस्तर येतं. हा एक आठवडा दोन ओल्या जखमांना एकमेकींना टेकू दिलं नाही, तर पुढे त्या चिकटत नाहीत. पडद्याचं काम एवढंच. आठवडाभर मध्ये थांबायचं आणि मग विरघळून जायचं.

आता हे किती जणांना होतं? इंग्लंडमध्ये १९९० साली मेंझीस आणि एलिस या दोन डॉक्टरांनी आकडे मांडले. आधी पोट उघडून ऑपरेशन झालेल्या २१० जणांचं पुन्हा ऑपरेशन करताना पाहिलं, तर शंभरात ९३ जणांच्या पोटात काही ना काही चिकटलेलं होतं. घाबरू नका. चिकटलेल्या बहुतेकांना जन्मभर कळतही नाही. पण काहींना त्रास होतो. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटाचं किंवा ओटीपोटाचं ऑपरेशन झालेल्या सुमारे ३० हजार रुग्णांची पुढची १० वर्षं पाहिली गेली. दर तिघांतला एक जण, चिकटण्याशी नक्की किंवा कदाचित संबंध असेल अशा कारणाने, पुन्हा दवाखान्यात दाखल झाला होता. पुन्हा भरती झालेल्या सगळ्या वेळांपैकी नक्की चिकटण्यामुळेच झालेल्या शंभरात सुमारे सहा होत्या.

त्रास मुख्यतः तीन तऱ्हेचा असतो. पहिला काकूंसारखा, आतडं अडकणं. दुसरा, गर्भनळ्या चिकटून किंवा पिळून मूल राहायला अडचण येणं. तिसरा त्रास पुढच्या ऑपरेशनचा. दुसऱ्या-तिसऱ्या सिझरच्या वेळी लघवीची पिशवी आणि गर्भपिशवी चिकटलेल्या असल्या, तर त्या सोडवण्यात वेळ जातो, रक्त जातं, पिशवीला किंवा आतड्याला इजा होण्याचा धोका वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्याच्या पाचव्या पाहणीनुसार आपल्या महाराष्ट्रात शंभर बाळंतपणांत २५ सिझर होतात. म्हणजे हा विषय आपल्या घराघरातला आहे.

काहींचं ओटीपोटही दुखत राहतं. पण प्रत्येक दुखणं चिकटल्यामुळेच असतं असं नाही. आणि हे पट्टे साध्या सोनोग्राफीत किंवा एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी दुखतं म्हणणारी बाई नाटक करते असं समजू नका.

आता पडद्याकडे येऊ. तो कशाचा असतो? डॉक्टर बाईंनी मला तीन प्रकार सांगितले.

पहिला प्रकार वनस्पतीच्या तंतूंचा. कापूस किंवा लाकूड ज्या पदार्थाचं बनलेलं असतं त्याला सेल्युलोज म्हणतात. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून पातळ विणलेलं कापड तयार करतात. ते जखमेवर पसरलं की काही तासांत त्याचा गुळगुळीत लगदा होतो आणि साधारण महिन्याभरात शरीर तो पचवून टाकतं. त्याचं एक बाजारी नाव इंटरसीड. अमेरिकेत त्याला १९८९ साली परवानगी मिळाली. त्याची एक अट आहे. जिथे ठेवायचं तिथलं रक्त पूर्ण थांबलेलं पाहिजे. रक्तात भिजलं तर त्याचा उपयोग जातो. आणि प्रक्रिया केलेलं हे कापड म्हणजे साधा कापूस किंवा गॉज नव्हे. गॉजचे धागे आत राहिले तर उलट चिकटणं वाढतं.

दुसरा प्रकार पारदर्शक पापुद्र्यासारखा असतो. त्यात दोन गोष्टी असतात. एक ह्यालुरोनिक ॲसिड, जे आपल्या डोळ्यात, सांध्यांत, कातडीत मुळातच असतं. न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली ते गाईच्या डोळ्यातून पहिल्यांदा वेगळं काढलं. दुसरी गोष्ट सेल्युलोजचाच एक प्रकार. तो आइस्क्रीम दाट करायला आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांतही वापरतात. हा पापुद्रा एक-दोन दिवसांत मऊ जेल होतो, आठवडाभर जागेवर राहतो आणि महिन्याभरात शरीराबाहेर जातो. त्याचं एक नाव सेप्राफिल्म. त्याला १९९६ साली परवानगी मिळाली.

तिसरा प्रकार पडदा नाहीच, पाणी आहे. मक्याच्या स्टार्चपासून केलेला साखरेसारखा पदार्थ पाण्यात विरघळवून ऑपरेशन संपताना पोटात सोडतात. काही दिवस अवयव त्यात तरंगत वेगळे राहतात. मग ते द्रावण हळूहळू रक्तात शोषलं जातं आणि त्याची साखर होऊन खर्ची पडते. मक्याच्या स्टार्चची ॲलर्जी असलेल्यांना ते चालत नाही.

एक गोंधळ इथेच मिटवते. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये जाळी बसवतात, ती वेगळी. ती पोटाची भिंत मजबूत करायला असते आणि साधारणपणे कायम राहते. आपण बोलतोय तो पडदा काम झालं की विरघळतो. काढायला पुन्हा पोट उघडावं लागत नाही, आणि तो “कुजतो” म्हणावा तर शरीराला पचेल अशा पदार्थाचाच बनलेला असतो.

मग पडदा चांगला, सगळ्यांनी घ्यावा, असं का? इथेच मला वहीत सगळ्यात जास्त लिहावं लागलं.

चिकटणं कमी होतं हे खरं. अमेरिकेत १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेल्या काही रुग्णांना हा पापुद्रा ठेवला, काहींना ठेवला नाही. दुसऱ्या टप्प्याच्या ऑपरेशनला सगळ्यांच्या पोटात पाहिलं. पापुद्रा ठेवलेल्यांत शंभरात ५१ जणांना कुठेच चिकटलेलं नव्हतं. न ठेवलेल्यांत असे शंभरात सहाच होते. फरक मोठा आहे.

पण आपल्याला पट्टा किती जाड हे बघायचं नसतं, आपल्याला त्रास वाचला पाहिजे. त्याचा मोठा अभ्यास २००६ साली आला, सुमारे १८०० रुग्णांचा. त्यात पुढे आतडं अडकण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं, शंभरात १२. मात्र अडकलेलं आतडं सोडवायला पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण पडदा ठेवलेल्यांत कमी होतं. शंभरात सुमारे साडेतीनवरून दोनच्या आत आलं. म्हणजे फायदा आहे, पण जादू नाही. त्याच पापुद्र्याबद्दल एक धोकाही कळला. आतडं कापून जोडलेलं असेल तर त्या जोडावर पापुद्रा गुंडाळायचा नाही. गुंडाळला तर जोड गळण्याचं प्रमाण वाढतं.

गाठी काढण्याच्या ऑपरेशनमध्ये पडद्याने चिकटणं कमी होतं असं अभ्यासांत दिसलं आहे. पण त्यामुळे मूल होण्याचं प्रमाण वाढतं हे अजून सिद्ध झालेलं नाही. सिझरचं तर अजून वेगळं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात सिझरच्या वेळी पापुद्रा ठेवलेल्या आणि न ठेवलेल्या बायकांची पुढच्या सिझरला तुलना केली, तर चिकटण्यात फरक दिसला नाही. म्हणून तुमच्या सुनेच्या सिझरला पडदा ठेवला नाही तर डॉक्टरांनी हयगय केली असं समजू नका. आणि त्यासाठी दागिना गहाण ठेवू नका.

आणखी एक गोष्ट. नवं ते सगळं चांगलंच असं नसतं. याच कामासाठी इंटरजेल नावाचं एक जेल निघालं होतं. ते वापरल्यावर काही बायकांना ऑपरेशननंतर खूप दुखल्याच्या तक्रारी आल्या, आणि २००३ साली कंपनीने ते बाजारातून मागे घेतलं.

मग पडदा नसला तर काय? डॉक्टर बाई म्हणाल्या, “पहिला पडदा म्हणजे सर्जनचा हात.” अवयव हळुवार हाताळणं, ते ओले ठेवणं, रक्त नीट थांबवणं, आत रक्ताच्या गुठळ्या न ठेवणं, जंतू होऊ न देणं, शक्य असेल तिथे दुर्बिणीतून ऑपरेशन करणं, यानेच बरंचसं चिकटणं टळतं. साध्या गोष्टी किती मोठ्या असतात बघा. पूर्वी डॉक्टरांचे हातमोजे सहज चढावेत म्हणून त्यांना आतून पावडर लावलेली असायची. ती पावडर जखमेत पडून गाठी आणि चिकटणं होतं हे कळलं, आणि अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून पावडरचे मोजे बंदच केले.

आणि सर्जनच्या हाताच्याही आधीचा उपाय म्हणजे नको असलेलं ऑपरेशन न करणं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी २०१९ साली सगळीकडे गाजली. सरकारने नेमलेल्या समितीने ८२ हजारांहून जास्त महिलांची माहिती घेतली, त्यात १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतल्या. पाळीच्या दिवसात खाडा नको, दंड नको, म्हणून पिशवीच नको. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं, की विनाकारण पिशवी काढणं थांबवण्यासाठी केंद्राने ठरवलेली नियमावली तीन महिन्यांत लागू करा. पिशवी काढल्याने पाळी थांबते, पण पोटात जखम होतेच, आणि जखम झाली की चिकटणं आलं. अंगावर जास्त जात असेल तर आधी गोळ्या आहेत, दुसरे उपचार आहेत. “पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल” असं कुणी घाबरवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका.

आता बैठकीत ज्या शंका निघाल्या त्यांची उत्तरं.

“लवकर चाललं-फिरलं तर चिकटत नाही ना?” ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तेव्हा चालायला लागणं चांगलंच. पायात रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत, आतडी लवकर कामाला लागतात. पण चालल्याने चिकटणं टळतं असं नाही. “शेक घेऊन, तेल लावून, पोट बांधून सुटतं का?” नाही. कायमचा झालेला पट्टा चोळून विरघळत नाही. “मग पुन्हा ऑपरेशन करून पट्टा कापून टाकावा?” त्रास नसेल तर नको. कापला की पुन्हा जखम, आणि पुन्हा चिकटण्याची शक्यता.

काकूंना झालं तसं घरात कुणाला झालं तर काय करायचं, ते नीट लक्षात ठेवा. आधी कधीही पोटाचं ऑपरेशन झालेलं आहे, मग त्याला २० वर्षं का होईनात. आता पोटात थांबून थांबून कळा येतायत, उलट्या होतायत, पोट फुगलंय, शौच आणि वारा दोन्ही बंद आहे. अशा वेळी एरंडेल नाही, जुलाब नाही, पोट चोळणं नाही, खाणं-पिणं नाही. १०८ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात जा. गेल्या गेल्या सांगा की आधी ऑपरेशन झालंय. वेळेत पोचलं तर पुष्कळदा नाकातून नळी आणि सलाईन यांच्यावरच आतडं सुटतं, पोट उघडावं लागत नाही. उशीर झाला तर अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि जिवावर बेततं.

आणि कागद. रेशनकार्ड जसं पिशवीत घालून जपता, तसं ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड जपा. त्यावर कोणतं ऑपरेशन, कधी, आत काय सापडलं, चिकटलेलं होतं का, पडदा ठेवला असेल तर कोणता, हे लिहून मागा. ते मागणं आपला हक्क आहे. आमच्या गटाने आता ठरवलंय, की ज्या सभासदाचं ऑपरेशन झालंय तिने कार्डाची एक झेरॉक्स गटाच्या फाईलमध्ये ठेवायची. जिला ठेवायची नसेल तिच्यावर सक्ती नाही.

मग त्या अर्जाचं काय झालं?

पुढच्या बैठकीत मी वहीतलं सगळं वाचून दाखवलं. मग सगळ्यांनी मिळून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न काढले आणि चिठ्ठीवर लिहून तिच्याकडे दिले. माझ्या ऑपरेशनमध्ये पडद्याची गरज का आहे? कोणता पडदा, नाव काय? तो कुणाला चालत नाही? तो ठेवला नाही तर काय होईल? सरकारी योजनेत माझं ऑपरेशन बसतं का, आणि त्यात पडदा धरलाय का? आणि शेवटचा प्रश्न काकूंनी घातला, “पडदा आणला आणि वापरला नाही, तर पैसे परत मिळतील का?”

ती नवऱ्याला घेऊन गेली आणि चिठ्ठी समोर ठेवली. डॉक्टर बाईंनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. तिची मोठी गाठ पिशवीच्या मागच्या बाजूला होती, जिथून नळ्या आणि आतडी जवळ असतात. तिथली जखम चिकटायची शक्यता जास्त आणि तिला पुढे मूल हवंय, म्हणून पडदा सुचवला होता. मूल होईलच अशी हमी त्यांनी दिली नाही. पडदा तिथलं रक्त पूर्ण थांबलं तरच ठेवणार, नाहीतर पाकीट फोडणार नाही आणि पैसे बिलातून वजा करणार, असंही सांगितलं. तिने ते कागदावर लिहून घेतलं. गटाने ठराव करून कर्ज मंजूर केलं. आधी विरोध करणाऱ्या दोघींनीही सही केली.

ऑपरेशन झालं. गाठी निघाल्या, पिशवी राहिली. पण मागच्या जखमेतून बारीक रक्त पाझरत राहिलं. डॉक्टरांनी ते थांबवलं, तरी त्यांच्या मनासारखी जागा कोरडी झाली नाही. म्हणून पडदा ठेवला नाही. कार्डावर तसं लिहून दिलं आणि बिलातून पैसे वजा केले. त्या महिन्याच्या बैठकीत तिच्या नवऱ्याने पडद्याचे पैसे जसेच्या तसे गटात आणून भरले.

एक जण पटकन म्हणाली, “म्हणजे एवढं सगळं फुकटच गेलं की.” काकूंनी तिच्याकडे बघितलं. म्हणाल्या, “फुकट कसं? माझं पोट तीनदा उघडलं, पण आत काय केलं हे मला कुणी सांगितलं नाही. हिला सगळं माहीत आहे, आणि ते कागदावर आहे.”

ती पोरगी आता बरी आहे. जखम भरली, पाळी नीट येते. डॉक्टरांनी काही महिने थांबायला सांगितलंय, मग बघू. तिचं कार्ड गटाच्या फाईलमध्ये पहिलंच लावलेलं आहे.

तुमच्या गटातही ही चिठ्ठी वाचून दाखवा. काही विचारायचं असेल तर रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर कळवा, मी डॉक्टर बाईंना विचारून सांगेन. नमस्कार.